मनोऱ्याचा खटका

मॅनिटोबातील गव्हाच्या रानात उभ्या असलेल्या आकाशवाणी मनोऱ्यावर ओरेस्ट ह्नातियुक याने एकतीस वर्षे चाकरी केली. त्याचे शिक्षण सहावीपर्यंतच झाले होते. मात्र शक्तिमापकाच्या आकड्यावरून विद्युतप्रवाह काढण्याची रीत त्याने पुठ्ठ्यावर लिहून पाठ केली होती.

त्या दुपारी प्रक्षेपकाची शक्ती वाढवून ती मनोऱ्याऐवजी चाचणीच्या भारावर सोडली होती. मापकाचा काटा उणे सात डेसिबलवरून उणे एकावर आला. मुख्य तंत्रज्ञ गार्थ याने ती शक्ती मनोऱ्याकडे वळवणाऱ्या खटक्यावर हात ठेवला. त्याचा धाकटा भाऊ डेल मनोऱ्याखालच्या खोपटात, उघड्या कपॅसिटरशेजारी, मीटर वाचायला उभा होता. तो कपॅसिटर तीन अँपिअरपर्यंतच टिकणारा होता; त्यापुढे तो फुटला असता.

"थांब. चार अँपिअर होतील," ओरेस्ट म्हणाला.

"सहा डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट. आधीच्या दोन अँपिअरचे पावणेतीन होतील. सरक, म्हाताऱ्या."

"प्रवाह दुप्पट होतो रे, शक्ती चौपट. उणे एकात मापकाच्या जोडणीत घटलेले साठ मिळव. एकोणसाठ, म्हणजे आठशे वॅट. पन्नास ओहमने भाग, वर्गमूळ काढ."

"सहावी नापासाकडून शिकू आता?"

गार्थने खटका ओढायला घेतला. ओरेस्टने लोखंडी पाना उचलून त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. गार्थने डोक्याने त्याचे नाक फोडले, त्याला जमिनीवर पाडले आणि बुटांनी बरगड्या तुडवल्या. ओरेस्टने त्याचा पाय दातांनी धरला आणि सोडला नाही. गार्थ ओरडत कोसळला.

ओरडणे ऐकून डेल धावत आला. भावाचा लोंबणारा हात पाहताच त्याने ओरेस्टच्या तोंडावर लाथ घातली. दोन दात फरशीवर पडले.

"माझ्या भावाला मारतोस?"

"प्रवाह तूच मोज," ओरेस्ट रक्त थुंकत म्हणाला. "तू खोपटात होतास."

डेलने मापक पाहिला. भिंतीवर पेन्सिलीने आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. दोन्ही वेळा चारच आले. मग त्याने मुख्य वीज तोडली आणि गार्थला खांद्यावर घेतले.

"उद्यापासून येऊ नकोस," तो दारातून म्हणाला. "आणि दवाखान्यात जा. माझ्या गाडीची चावी मेजावर आहे, ती घे. आम्ही गार्थच्या गाडीने जातो."