कौसाबाईंचे सगळे शब्द बरोबर कसे?

मंडळी, मी अनसिंगला प्रौढांचा साक्षरता वर्ग घेते. गेल्या आठवड्यात श्रुतलेखनात साठीच्या कौसाबाईंचे दहापैकी सात शब्द चुकले होते. आज तेच शब्द पुन्हा घातले, तर सगळे बरोबर! मला लगेच कॉपीचा संशय आला. सगळ्यांसमोर त्यांना माझ्या टेबलाशी बसवून परत लिहायला लावलं.

एकही चूक नाही.

"कोणी सांगितलं?" मी तरीही विचारलं.

त्या म्हणाल्या, "चुकलेले शब्द मी खताच्या थैलीवर, बसच्या पाटीवर हुडकत राह्यली, मॅडम. बरोबर आले असते, तर कायले पाह्यले असते?"

मी माफी मागितली.

गेल्या वेळी पैकीच्या पैकी मिळवलेल्या दोघी मात्र आज अडखळल्या. आता मला पैकीच्या पैकी गुणांचाच संशय येतोय. तुमच्या डोक्यात काय जास्त टिकलं, बरोबर आलेलं की चुकलेलं?