डोमाजीचा हर्निया

डोमाजी शिंपी गेला त्याला आता पाच आठवडे झाले. बालाघाटच्या बाजारात लोक अजून म्हणतात, "शिंपी हट्टी होता, घेंघ्याकडं पाह्यलंच नाही." हे खरं नाही. त्याने पाहिलं होतं. खोटं बोललो तो मी.

त्याच्या गळ्यावर वीस वर्षांचा गलगंड होता, लिंबाएवढा. आमच्याकडे त्याला घेंघाच म्हणतात. स्वतःच्या सदऱ्याची कॉलर तो दोन बोटं सैल शिवायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "फॅशन हाय हे. तुले नाही जमणार, तसा गळा पायजे."

सहा वर्षांपूर्वी त्याच्या लघवीतून रक्त गेलं. नागपूरला उजवी किडनी काढावी लागली, तिच्यात कॅन्सरची गाठ होती. नेमकी तेव्हाच त्याच्या मुलीची, शांतीची, रामपायलीला सोयरीक चालली होती, आणि मध्यस्थ होतो मी. असा आजार कळला असता तर सोयरीक मोडलीच असती. मी डोकं चालवलं: हर्निया सांगायचा. हर्निया वजन उचलून होतो, म्हणजे मेहनती माणसाचा आजार, घराण्याला डाग नाही.

"मास्तर, शिंपी कायचं वजन उचलते? सुईचं?"

"मशीन उचललं म्हण ना."

लग्न झालं. खोटं इतकं अंगाला बसलं की जावई सासऱ्याच्या हातातली पाण्याची बादलीसुद्धा काढून घेई.

गेल्या वर्षी घेंघा वाढू लागला. डोमाजीने टेप लावून पाहिलं. "दिवाळीपासून दीड इंच, मास्तर. कॉलरले कापड पुरून नाही राह्यलं." छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीने आम्ही नागपूरला निघालो, सोबतीला त्याचे व्याही. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही ऑपरेशन?" डोमाजीने माझ्याकडे पाहिलं, मी व्याह्यांकडे... आणि म्हणालो, "हर्निया."

डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. जुना गलगंड म्हणून सहा महिने गोळ्या चालल्या. श्वास अडायला लागला तेव्हा गाठ काढून तपासली, तर आत किडनीचा कॅन्सर! जुन्या गलगंडात तो येऊन बसला होता. असं फार क्वचित घडतं म्हणे. तेव्हा कुठे मी खरं सांगितलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आधी कळलं असतं तर..."

डोमाजी मात्र बसक्या आवाजात हसला. "एवढं अंग सोडून घेंघ्यातच बसला! त्यालेही सैल कॉलरच आवडली." मग माझं मनगट धरून म्हणाला, "शांतीच्या सासरी सांगू नको."

तो होता तोवर मी सांगितलं नाही. तेरवीला मात्र व्याह्यांना बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. ते शांतपणे सुपारी कातरत राहिले.

"मले ठाऊक होतं, मास्तर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वैनगंगेवर आंघोळीले गेलतो, तवा बरगडीखालचा वण पाह्यला. हर्निया तिथं असते का?"

"मग दवाखान्यात बोलले काहून नाही?"

"चारचौघांत तुमची लाज राखली, जी."

डॉक्टरांसमोर आम्ही तिघे होतो, आणि हर्निया खोटा आहे हे तिघांनाही माहीत होतं.

परवा रक्तदाब दाखवायला गेलो. नवा डॉक्टर, त्याने सहज विचारलं, "आधी काही ऑपरेशन?"

"उजवी किडनी काढली," मी एका दमात सांगितलं. "कॅन्सर होता."

त्याने घाईघाईने माझा सदरा वर केला, दोन्ही बाजू चाचपल्या. "बाबूजी, वण कुठं आहे?"

"माझं नाही," मी म्हणालो. "डोमाजी शिंप्याचं. पण लिहून घ्या."