अल्लीपूरच्या बायांचा गोपनीय बस्ता

तुम्ही चहा घ्या, निवेल. मी सांगत राहतो. घोटाळा माझा स्वतःचाच आहे, त्यामुळे तो सांगायला वरून परवानगी आणावी लागत नाही.

निवृत्त माणसाच्या हातून चुका कमी होतात असं माझं निरीक्षण आहे. कारण सोपं आहे, त्याला कोणी काम सांगत नाही. मला सांगितलं. तिथेच बिघडलं.

आमच्या हिंगणघाटात एका कॉलेजात एक सर होऊन गेले. शिकवायचे रसायनशास्त्र आणि अभ्यास करायचे रसायनशास्त्र सोडून बाकी सगळ्याचा. मुंग्यांचा, जात्यावरच्या ओव्यांचा, विहिरींच्या पाण्याचा, बैलगाडीच्या चाकांचा, नदीकाठी सापडणाऱ्या दगडी शंखांचा. एका विषयाचा दुसऱ्याशी काही संबंध असावा, अशी सक्ती त्यांनी स्वतःवर कधी केली नाही. ते गेल्यावर घरच्यांनी त्यांचे सगळे कागद कॉलेजला देऊन टाकले. कापडात बांधलेले बस्तेच्या बस्ते. घरच्यांची एक खोली मोकळी झाली आणि कॉलेजची एक खोली भरली.

प्राचार्य माझ्याकडे आले. "तुमचं सगळं आयुष्य रेकॉर्ड रूममध्ये गेलं. एवढी यादी करून द्या. तुमच्याशिवाय कोण करणार?"

हे शेवटचं वाक्य कोणत्याही निवृत्त कारकुनाला म्हणून बघा. तो चप्पल न घालता तुमच्या मागे निघेल.

सरांना पूर्ण शब्द लिहायचा कंटाळा होता. बस्त्यांवर नुसतं 'मुंग.', 'विही.', 'ओव्.' असं पेन्सिलीनं लिहिलेलं. पण तुटक शब्द पुरे करणं हीच तर माझी नोकरी होती. साहेबांनी फायलीवर 'पुढी. कार्य.' लिहायचं आणि आम्ही त्याचा हुकूम करायचा. मी 'मुंग.'चं 'मुंग्या' केलं, 'विही.'चं 'विहिरी' केलं. बस्ता उघडून खात्रीही करत होतो. एकही चुकला नाही. तुम्हाला सांगतो, सलग बरोबर येण्यासारखं घातक दुसरं काही नाही.

मग एक बस्ता आला. वर लिहिलेलं : 'निंद. अल्ली. बाया.'

अल्ली. म्हणजे अल्लीपूर, ते उघड होतं. आणि निंद. म्हणजे? माझा हात थांबलासुद्धा नाही. रजिस्टरात लिहिलं : 'निंदा. अल्लीपूरच्या बाया.' शिस्तीप्रमाणे बस्ता उघडला, पहिलं पान वाचलं आणि उठून खोलीचं दार लावलं.

'कंबरमोडी : परमुलखातून आलेली. कोणी बोलावली नव्हती. आता हाकलली तरी जात नाही. (सांगणारी : पार्बताबाई)'

'चिकटी : दिसायला साधी. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धोतराला धरते. (सांगणारी : पार्बताबाई)'

'हजारदाणी : बारा महिने भरलेली. लेकरं पानाआड लपवते. (सांगणारी : पार्बताबाई)'

पानंच्या पानं हेच. मी सुन्न झालो. सर मोठे विद्वान, पण गावातल्या बायांनी एकमेकींना ठेवलेली नावं लिहून घेत फिरायचं? आणि ही पार्बताबाई तरी कोण? एकाही बाईला तिनं सोडलं नव्हतं. 'पानाआड' हे कोणत्या तरी गल्लीचं नाव असावं, असं मी धरून चाललो.

बस्ता घरी आणला. सुरक्षिततेसाठी. आमची बायको म्हणाली, "तुम्ही हे तिसऱ्या खेपेले काऊन वाचून राह्यले?"

"जबाबदारी आहे," मी म्हणालो.

"जबाबदारी वाचतानी माणूस असा हसत नाई."

दुसऱ्या दिवशी मी बस्त्यावर 'गोपनीय' लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण बदनाम झालेल्या बायांची अब्रू डोळ्यांपुढे आली. काळा मार्कर घेतला आणि पहिल्या दोन पानांवरची त्यांची नावं एकेक करून खोडली. तिसऱ्या पानाला मार्कर संपला. विज्ञानावर मार्करचे उपकार आहेत.

त्याच आठवड्यात पल्लवी आली. गिरडची मुलगी, पीएचडी करणारी.

"काका, सरांनी तणांची नावं लिहून ठेवली होती म्हणतात. बायांनी सांगितलेली. तेवढं पाहिजे होतं."

मी रजिस्टर काढलं. 'त'मध्ये तण नाही. 'ग'मध्ये गवत नाही. 'व'मध्ये वनस्पती नाहीत. "उपलब्ध नाही," मी सांगितलं आणि तसं लेखी दिलं.

तिचा चेहरा उतरला. "असं नका म्हणू काका. आता वावरात कोणी हातानं तण काढत नाही, सारे फवारा मारतात. नावं माहीत असलेल्या बाया उरल्या नाहीत. मले सोमवारपर्यंत नमुना दाखवायचा आहे, नाही तर गाइड सर विषयच बदलून देणार आहेत."

"कोणता देणार?"

"खतांच्या पोत्यांवरची भाषा."

वाईट वाटलं. पण नसलेला कागद कुठून देणार?

"अल्लीपूरच्या बायांचं काहीच नाही?" तिनं विचारलं.

आता मी सावध झालो. "अल्लीपूरच्या बायांचं जे आहे, ते तुझ्या कामाचं नाही. आणि तुझ्या वयाच्या मुलीनं वाचण्यासारखंही नाही."

तिनं रजिस्टर मिटून माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "काय केलं म्हणजे दाखवाल?"

नियमाला वाट असते. मी म्हणालो, "जिनं हे सांगितलं तिची लेखी ना हरकत लागेल."

"मग चला की अल्लीपूरले."

गेलो. एसटीत मी तिला समजावलं की प्रकरण नाजूक आहे, बोलणं मी करणार, तिनं फाटकाशी थांबायचं. ती थांबली. पार्बताबाई ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडत होती. ऐंशीच्या पुढची म्हातारी, पण नजर आमच्या जुन्या तपासणी अधिकाऱ्यासारखी. मी अंगणात उभा राहिलो आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"बाई, वही घेऊन एक सर यायचे, आठवतात?"

"आठवते ना. लई पुसत जात. त्याहिचं काय?"

"त्यांना तुम्ही कंबरमोडीबद्दल काही सांगितलं होतं?"

"सांगतलं होतं. काऊन? आता काय केलं तिनं?"

"तिनं काही केलं नाही. तिची बदनामी होऊ नये म्हणून आलो."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "बदनामी? कंबरमोडीची? ते काय पाटलाची लेक हाये?"

"कोणाची का असेना. तिच्या घरच्यांना कळलं तर?"

"तिच्या घरचे सारेच तसे. एक उपटली का धा येते."

मी वहीत 'उपटली' लिहिलं आणि खाली रेघ मारली. "म्हणजे मारहाणही झाली?"

"माह्या सासूनं उपटली, म्या उपटली, माही सून उपटून राह्यली. जाते थोडीच?"

तीन पिढ्या. मी तेही लिहून घेतलं. "पोलिसात कोणी गेलं नाही?"

"पोलीस काय करन? ठाण्याच्या आवारातई हाये ते."

बघा, प्रकरण कुठवर पोचलं होतं. मी अगदी कुजबुजत विचारलं, "आणि सध्या राहते कुठे?"

"तुमच्या पायाखाली."

मी पाय उचलला. खाली एक चेंगरलेलं रोपटं होतं. लांब बारीक दांड्यावर इवलंसं फूल, मधे पिवळं, कडेला पांढरं. असलं फूल मी जन्मभर कचेरीच्या पायरीशी बघत आलोय. त्याला नाव असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

मागून आवाज आला. पल्लवी फाटकाला धरून खाली बसली होती. रडतेय की काय म्हणून मी धावलो. ती हसत होती.

"काका," माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या बस्त्याकडे तिनं बोट दाखवलं, पण तिला धड बोलता येईना, "निंद. म्हणजे निंदण. सर निंदणाबद्दल लिहून गेले."

निंदण. तण उपटणं. आमच्याकडे पावसाळ्यात पोराटोरांच्या तोंडी असलेला शब्द. पण कचेरीत आम्ही त्याला 'आंतरमशागत' म्हणायचो. मी तो शब्द इतक्या वर्षांत इतक्या पंचनाम्यांत लिहिला की खरा शब्द डोक्यातून उपटला गेला.

म्हातारीनं पल्लवीला विचारलं, "यायले निंदण समजत नाई? कुठचे हायेत हे?"

"हिंगणघाटचे."

"असं? मले वाटलं पुण्याचे."

मी मान खाली घालून पिशवीतून बस्ता काढला. काळी केलेली दोन पानं बघून पल्लवीचं हसू थांबलं. ती रागावली नाही, हे जास्त लागलं. नुसती म्हणाली, "नावंच खोडली काका. बाकी सारं ठेवलं."

मग ओट्यावर बसलो तिघं. पल्लवी वर्णन वाचायची, म्हातारी नाव सांगायची आणि मी, वरिष्ठ लिपिक, निवृत्त, ते खोडलेल्या जागेवर चिठ्ठी चिकटवून लिहायचो. सुनेनं मधे दोनदा चहा दिला. दुसऱ्या खेपेला तिनंही एक नाव सांगितलं. म्हातारीची आठवण पक्की होती. एकेक करत सगळी नावं परत आली.

एक सोडून. पल्लवीनं वाचलं, "फूल नाही, वास नाही. ढोर तोंड लावत नाही. बांधाच्या कडेला बसून असतं. कोणाला त्रास नाही, कोणाच्या उपयोगाचं नाही."

म्हातारीनं डोळे मिटले. बराच वेळ ओठ हलत राहिले. "नाई आठवत. जिभीवर हाये, पर येत नाई. गेलं आता ते." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. वहीकडे, पेनाकडे आणि पुन्हा माझ्याकडे. "लिवा, बाबू."

"बाई, असं मनानं नाव ठेवता येत नाही," मी म्हणालो. "रेकॉर्ड खरं पाहिजे."

"काका, सांगणारी जे सांगते तेच लिहायचं असते," पल्लवी म्हणाली. "आमचा नियम आहे."

नियम म्हटल्यावर माझा इलाज नव्हता. स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

सोमवारी नमुना दाखवला, विषय टिकला. यथावकाश प्रबंधही झाला. शेवटच्या तोंडी परीक्षेला मला आग्रहानं बोलावलं, मी मागच्या बाकावर बसलो. बाहेरगावचे परीक्षक पानं उलटत म्हणाले, "हे 'बाबू' नाव मला फार आवडलं. सामान्य माणसाचं निरीक्षण किती अचूक असतं बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आता तो प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. त्यात नोंद आहे : 'बाबू. बांधाच्या कडेचे निरुपद्रवी तण. सांगणारी : पार्बताबाई. शास्त्रीय नाव : निश्चित झालेले नाही.'

मी ती नोंद घरी वाचून दाखवली. बायको म्हणाली, "शास्त्रीय नाव कायले पाहिजे? ओळख पटते ना."