नासका हात

कैरीचं लोणचं घालायचं म्हटलं की आमच्याकडे मला उचलून पडवीत बसवत. लहानपणी मी कालवलेल्या लोणच्याला बुरशी आली होती. मिरजोळ्याच्या आत्याने तेव्हाच निकाल लावून टाकला, "हिच्या हाताला गुण नाय गो. नासका हात." आणि मला पडवीत नेऊन बसवलं ते आईनेच. तेच मला जास्त लागलं.

हाच हात घेऊन मी ऐंशीच्या दशकात मुंबईत संशोधनाला लागले. काम उंदरांच्या यकृताचं. जनुकाचा निरोप पेशीत पोचवणारा रेणू म्हणजे मेसेंजर आरएनए. निरोगी यकृतातले निरोप आणि यकृताच्या गाठीतले निरोप ताडून पाहायचे. पण हा रेणू महा नाजूक. उघडं बोट लागलं तरी तुटतो. प्रयोगशाळेत भल्याभल्यांचे नमुने नासले. माझे टिकले! हातमोजे, बर्फ, भाजून घेतलेली काचेची भांडी, आणि डोक्यात कायम बसलेली आत्या.

मे महिन्यात रत्नागिरीला घरी आले ती त्या नमुन्यांची एक्स-रे फिल्म घेऊनच. आईने ती खिडकीतल्या उजेडात धरली. डावीकडे निरोगी यकृत, उजवीकडे गाठ; निरोप जितका जास्त तितकी पट्टी काळी, मी तिला सांगितलं. एका निरोपाची पट्टी डावीकडे काळीभोर, उजवीकडे जेमतेम.

"म्हणजे गाठ हा निरोप धाडीतच नाय?" आईने विचारलं. मग जरा चाचरत, "की तुझ्या हातानं नासला?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी तडकलेच असते. पण प्रश्न रास्त होता, आणि उत्तर माझ्या पिशवीत होतं. मी दुसरी फिल्म काढली. नमुने तेच, निरोप वेगळा. दोन्हीकडच्या पट्ट्या सारख्याच ठसठशीत.

"माझ्या हाताने नमुना नासला असता तर हा निरोपही गेला असता," मी म्हटलं.

आईने दोन्ही फिल्म आलटूनपालटून पाहिल्या. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू? त्या दुपारी तिने चिरलेल्या कैऱ्यांची परात माझ्यापुढे सरकवली. "हात धू, कोरडा कर नि कालव," म्हणाली आणि स्वतः पडवीत जाऊन बसली.

गणपतीत आम्ही सगळे जमलो, तेव्हा आत्याने लोणचं दोनदा मागून घेतलं. बोट चाटत म्हणाली, "वैनी, तुझ्या हाताला गुण आहे हो."

"माझा हात नाय लागला त्याला, वन्सं," आई म्हणाली. "यंदा मी पडवीत बसलेली."