ढोरक्याची घंटी

आमच्या वस्तीची ढोरं चारणारा ढोरकी माणसांशी बोलेच नाई. शिवी द्याची तं ते बी बैलाच्या कानात. त्याच्या आजाच्या वक्तापासून ढोरं ज्या टेकडीवर चरत, ते सरकारनं झाडं लावाले तार ठोकून बंद केली अन् मले तिथं चौकीदार ठेवलं. तवापासून तो रोज फाटकापाशी थांबून बैलाले म्हणे, "पाय गा, टेकडी पळून जाईन म्हणून धरून बसला सायेब!" मी हासो. शाळेचं तोंड नाई पाह्यलं, पण खाकी चढवली तं मले बी मी सायेबच वाटो.

उन्हाळ्यात ढोरांच्या बरगड्या दिसाले लागल्या. तारेच्या आत कमरेएवढं गवत उभंच वाळून राहिलं होतं. एक दिवस तो माहीच गाय घेऊन फाटकावर आला. तिच्या गळ्यातली घंटी सोडून त्यानं माह्या गळ्यात बांधली अन् पहिल्यांदाच माह्याशी बोलला.

"चुकलेलं जनावर सापडावं म्हणून घंटी बांधतेत. गाय कुठं चुकली गा?"

मी हासाले गेलो, हासू आलं नाई. तेवढ्यात मोठ्या सायबाची जीप आली. सलाम ठोकाले मी उठलो, अन् घंटी वाजली.