धोंडीरामनं बावटा कधी सोडला

बहात्तरच्या दुष्काळात चकलांब्याच्या धोंडीरामनं खडी फोडली. काम सरकारी, पण लाल बावटेवाल्यांनी गेवराईच्या कचेरीवर मोर्चा नेला तेव्हा कुठं ते सुरू झालं. गडी उंच, म्हणून बावट्याची काठी त्याच्या हाती आली. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदकीची पावतीही त्यानं त्याच दिवशी घेतली. कामावरची सुकडी पोटात पडू लागली. पुढं गावात दूध सोसायटी निघाली. चेअरमन कल्याणराव म्हणाले, संचालक व्हायचं तर पक्ष सोडा. धोंडीरामनं दरसालची पावती घेणं बंद केलं.

बावट्याचा मान मात्र सुटला नाही. दर एक मेला पारापुढं काठी उभी करायची ती धोंडीरामनंच. पोळ्याच्या पहिल्या बैलाचा मान असतो तसाच हाही. तो पावतीनं येत नाही आणि पावतीनं जातही नाही.

बायको गेली आणि घर खायला उठलं. एकुलती लेक गंगासागर अमेरिकेत, तिकडची नागरिक झालेली. तिनं बापाला कायमचं बोलावण्यासाठी अर्ज केला. मग तिचा फोन आला. व्हिसाच्या मुलाखतीत कम्युनिस्ट पक्षाचं विचारतातच, पक्षातल्या माणसाला तिकडं राहायला घेत नाहीत, असं वकील म्हणाला होता. पक्ष सोडून बरीच वर्षं झाली असतील तर अडत नाही. पण खोटं सापडलं तर दार कायमचं बंद.

त्यात मुलाखतीच्या आधीच एक मे आला. आता ज्याच्या त्याच्या हातात फोन; काठीला हात लावला की फोटो निघणार. कल्याणरावांनी सल्ला दिला, आजारी पडा, तापाला कोण जाब विचारतंय? धोंडीराम भर उन्हाळ्यात गोधडीत शिरला. पण मानकरी जिवंत असताना काठी दुसऱ्यानं उचलायची कशी? उरलीसुरली म्हातारी मंडळी बावटा घेऊन त्याच्याच दारात आली. पुढं बायनाबाई, खडीवर त्याच्या शेजारी बसणारी.

"धोंडू, ताप हाय का भ्या हाय?"

"भ्या हाय, बायना. लेकीकडं जायाचंय."

"मग तसं सांग की. गोधडीत कावून उकडून मरतूस?"

मान सोडायचा तर नारळ द्यायची रीत. त्यानं देवळीतला नारळ तिच्या पदरात घातला. बायनाबाईनं काठी उचलली. टँकरच्या रांगेतल्या बायका बघत राहिल्या.

महिन्याभरानं मुंबईत अमेरिकेच्या कचेरीत काचेपलीकडं गोरा साहेब, शेजारी मराठीतून सांगणारी बाई. उजवा हात वर करून शपथ झाली. पक्षात होता का? होतो. कशासाठी? पोटासाठी. सगळं वकिलानं सांगितल्यासारखं चाललं होतं.

"काका, पक्ष सोडला कधी?"

सोसायटीचं साल ओठावर होतं. लेकीनं फोनवर घोकून घेतलेलं. पण शपथ झाली होती, आणि पावती बंद केली म्हणजे सोडलं असं त्याच्या मनानं कधी धरलंच नव्हतं.

"गेल्या महिन्यात," तो म्हणाला.

बाई लगेच साहेबाकडं वळली नाही. तिनं हळूच पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मग साहेबाच्या बोटांखालचं यंत्र बराच वेळ वाजत राहिलं. पासपोर्ट परत आला, सोबत एक कागद. चौकशी व्हायची आहे, कळवू, एवढंच बाई म्हणाली.

फुटपाथवर येतो न येतो तोच खिशातला फोन वाजला, लेकीचा.

"दादा, साल बरोबर सांगितलंत ना?"

"खरं तेच सांगितलं, पोरी," धोंडीराम म्हणाला, आणि तिनं पुढचं काही विचारू नये म्हणून डोळे गच्च मिटून उभा राहिला.