मठ्ठ काटा

गल्लीत सगळे त्यांना काटेवाले म्हणत. वजनकाटे दुरुस्त करायचे, म्हणून काटेवाले. त्यांचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी, तीही अशी की पलीकडे कुणी जांभई दिली तर अलीकडे मला झोप यावी. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे, ते निम्मं त्यांनी सांगितलेलं आणि निम्मं फळीतून आलेलं.

माणूस कमालीचा काटेकोर. दुरुस्तीला आलेला काटा आधी रिकामा ठेवायचा, शून्यावर आहे का ते बघायचं, मग पितळी वजनं चिमट्याने उचलून एकेक ठेवायची. बोट लावायचं नाही. बोटाच्या घामानेही वजन बदलतं म्हणे. "तेवढ्याने कुणाचा संसार बुडतोय?" असं मी एकदा चिडवलं, तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणहून आले आणि माझ्या टेबलाचा डुगडुगता पाय नीट करून गेले. राग गेला हे सांगायची त्यांची तऱ्हा तीच.

त्यांचे वडील रोज प्यायचे. पण कधी तोल गेला नाही, जीभ अडखळली नाही. लोक कौतुकाने म्हणायचे, पठ्ठ्याला चढतच नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी यकृत निकामी होऊन ते गेले. काटेवाल्यांनी तेव्हा कानाला खडा लावला आणि चाळिशीपर्यंत दारूपासून चार हात लांब राहिले. मधल्या काळात बायको आजारपणात गेली, मुलगी एकट्याने वाढवली, तरीही नाही.

मग एका व्यापाऱ्याच्या मेजवानीत कुणीतरी हातात पेला दिला. बाकीचे थोड्या वेळात झिंगले. हे मात्र शेवटी खुर्च्या रचून ठेवत होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वडिलांसारखं होईल म्हणून उगाच भीत होतो, ताई. मला तर चढतच नाही."

मला तेव्हा काही खटकलं नाही. आमच्या घरात कुणी पीत नव्हतं, मला काय कळणार, असं म्हणून मी स्वतःची सुटका करून घेते.

त्यानंतरही कधीमधीच. पण मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि त्यांची संध्याकाळ रिकामी झाली. रोज सातला ती घरी यायची, दप्तर खुर्चीवर टाकायची, हे ओरडायचे. आता ओरडायलाही कुणी नव्हतं. मित्र असे नव्हतेच. मनातलं बोलायची सवय तर जन्मात नव्हती. सात वाजले की ते कपाटातून रेघा आखलेलं काचेचं मापपात्र काढायचे. साठ मिली, वर एक थेंब नाही. साठने काही होत नाही, म्हणून नव्वद. नव्वदनेही काही जाणवेना, म्हणून आणखी. "मी मोजून घेतो, ताई," असं मला अभिमानाने सांगायचे. वर्षभराने आकडा सांगायचं बंद झालं. सकाळी पितळी वजनांवर चिमटा थरथरल्याचा किणकिण आवाज फळीतून यायचा. मला तो ऐकू यायचा आणि मी झेरॉक्सचं मशीन सुरू करायची. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

जे मी बोलले नाही ते डॉक्टरबाई बोलल्या. त्यांच्या दवाखान्यातला काटा दुरुस्त करायला हे गेले होते. बाईंनी हाताची थरथर पाहिली आणि सरळ विचारलं. यांनी ठरलेलं उत्तर दिलं, मोजून घेतो आणि चढत नाही.

"काट्यावर दहा किलो ठेवले आणि तो दोनावरच थांबला," बाई म्हणाल्या, "तर माल दोन किलोच का?"

"नाही. काटा मठ्ठ आहे. माल दहाच."

एवढं बोलले आणि तिथेच स्टुलावर बसले. हे त्यांनीच मला सांगितलं. बाईंनी समजावलं, की काहींचं शरीर असंच असतं. पुरे झालं ही खूण उशिरा मिळते, म्हणून माणूस जास्त पितो आणि व्यसनाचा धोका वाढतो. हे बरेचदा घराण्यात उतरतं. त्यात एकटेपणा आणि मनातलं मनातच ठेवायचा स्वभाव. नशिबात लिहिलेलं नाही, पण इतरांपेक्षा तुमची वाट जास्त निसरडी. आणि आता आपल्या मनाने दारू एकदम बंद करू नका, माझ्या देखरेखीखाली करू.

दोन महिन्यांत किणकिण थांबली. मला मात्र त्यांनी बजावलं होतं, "पोरीला कळता कामा नये. तिच्या नजरेतून उतरलो तर माझं म्हणायला कोण उरलं?"

सुट्टीत मुलगी आली. दुपारी माझ्या दुकानात नोट्सच्या प्रती काढत होती, हे फळीपलीकडे काटा उघडून बसलेले. ती हसत सांगत होती, "मावशी, परीक्षा संपल्यावर आम्ही मैत्रिणी पहिल्यांदाच प्यायलो. सगळ्या आडव्या. मी एकटी सरळ. मीच सगळ्यांना खोलीवर पोहोचवलं. मला काही चढतच नाही."

पलीकडे पितळी वजन जमिनीवर पडलं. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. ती जीभ चावून म्हणाली, "बाबा, एकदाच घेतली रे. ओरडू नकोस."

"ओरडत नाही. तुझ्या आजोबांनाही चढायची नाही."

"मग चांगलंच की."

"ते त्यानेच गेले." मला वाटलं, आता मागे फिरतील. "आणि मलाही चढत नाही. मी रोज प्यायचो. औषधं चालू आहेत."

"कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. मीही मनातल्या मनात म्हणत होते, बोला खोटं.

"तू गेलीस तेव्हापासून. तुझ्यामुळे नाही. अंगात आधीचंच होतं, फक्त जागा रिकामी झाली."

तिने कागद गोळा केले. डोळे भरले होते, पण बोलली रागाने. "रोज फोनवर विचारायचे तुला, कसा आहेस. रोज म्हणालास, मजेत." दोन दिवसांनी जायची होती, ती त्याच संध्याकाळी गेली.

मग अकरा दिवस फोन नाही. एरवी सातला दुकान बंद करणारी मी आता साडेआठला करू लागले. पलीकडे ते कुणाचाही काटा नसला तरी स्वतःची वजनं पुसत बसायचे. एकदा मी म्हटलं, "सांगायला नको होतं का?"

"तिचाही काटा मठ्ठ आहे, ताई. दुसरं कोण सांगणार होतं?"

बाराव्या दिवशी सातला फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला, त्यामुळे फळीतून मला सगळं ऐकू आलं.

"एकटा आहेस?"

"हो."

"मी पण. सगळ्या बाहेर गेल्यात प्यायला. मी नाही गेले." मग फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज. "मला अजून राग आहे तुझा. बोलायचं नाहीये. फक्त फोन चालू ठेव."

त्यांनी फोन बाकावर ठेवला आणि काटा उघडला. तासभर पलीकडून फक्त स्क्रू फिरवल्याचा आवाज येत होता आणि मधूनच, फोनमधून, पान उलटल्याचा.